ताकद सगळ्यात शेवटी

(दृश्य : स्टँडवर उचललेली गाडी. दारं, सीट, डॅशबोर्ड, काहीच जागेवर नाही.)

ही मजदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. जपानमध्ये हिचं नाव युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. १९९७ पर्यंत या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. दोन सीट, पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन एक टनाच्या आत. सोळाशे सीसीचं हे इंजिन नवं असताना जेमतेम ११५ ते १२० अश्वशक्ती द्यायचं. तरी हौशी रेसिंगमध्ये ही गाडी इतकी रुजली की अमेरिकेत स्पेक मियाटा नावाचा स्वतंत्र वर्गच तयार झाला. त्यात सगळ्यांचे स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर ठरलेले असतात, इंजिनात फेरफाराला फारशी मुभा नसते. मग जिंकायचं ते चालवून.

आपण पाहतोय ती गाडी अशाच शर्यतींसाठी तयार होते आहे.

(दृश्य : गालिचा गुंडाळून बाहेर. फरशीवरचा काळा थर. त्यावर कोरडा बर्फ पसरला जातो.)

गाडी सोलायला सुरुवात आतून होते. गालिचा, एसी, कापडी छत, सगळं बाहेर. हीटर मात्र ठेवलाय, कारण पावसात काचेवर वाफ धरली तर समोरचं वळणच दिसत नाही.

फरशीवर हा काळा थर आहे तो आवाज दाबणारा, डांबरी. खरवडायला गेलं तर तो पट्टीलाच चिकटतो. म्हणून त्यावर कोरडा बर्फ पसरायचा, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. हातात जाड मोजे, गॅरेजची दारं सताड उघडी; बंद जागेत हा वायू जीव घेऊ शकतो. पत्रा गार झाला की डांबर ठिसूळ होतं. मग हातोडीचा हलका ठोका.

(निवेदन नाही. ठोक्यांचा आवाज. थर तुकड्यातुकड्यांनी सुटतो.)

डांबर निघालं की खरी गाडी समोर येते. छताचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या तुंबल्या, की ते पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. वरून रंग चकचकीत, आत गंज. या गाडीचा डावीकडचा पत्रा कापून नवा बसवावा लागला.

वजनाचा विचार मजदाच्या अभियंत्यांनी आधीच कसून केला होता. बोनट अॅल्युमिनियमचं. बॅटरी मागे, डिकीत. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब तुळई, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की मधे काही पिळवटत नाही. आता आणखी काय काढायचं? नाकातले ते उघडमीट करणारे दिवे, त्यांच्या मोटरींसकट. गाडीच्या टोकाशी असलेला किलो मधल्या किलोपेक्षा वळणात जास्त त्रास देतो.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. स्कायलाइन जीटी-आर, मग सिव्हिक.)

जपानी वेगवान गाड्या म्हटलं की पुष्कळांना आधी आठवते ती निसान स्कायलाइन जीटी-आर. १९८९ ची आर-३२ : २.६ लीटर, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या सगळ्या, म्हणजे २९ शर्यती तिने जिंकल्या. १९९१ आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातली बॅथर्स्टची शर्यतही. तिचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण ती सुमारे १,४३० किलोची आहे, आणि ट्रॅकवर सतत जोरात पळवली तर तिच्या इंजिनातलं तेल वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागात, साचून राहतं आणि खालचं तेलाचं भांडं, म्हणजे संप, रिकामं होतं. कारखान्याचा संघ हे सांभाळतो. सुट्टीच्या दिवशी स्वतःच पाना हातात घेणाऱ्या माणसाला दर जादा किलोची किंमत टायरमध्ये आणि ब्रेक पॅडमध्ये मोजावी लागते.

दुसरं घराणं हलक्या गाड्यांचं. १९९५ ची होंडा इंटिग्रा टाइप आर. १९९७ ची सिव्हिक टाइप आर, टर्बोशिवाय १.६ लीटरमधून १८५ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ८,२०० फेऱ्यांवर. आणि ही मियाटा, जिच्याकडे तेवढीही ताकद नाही. आमचं मन या दुसऱ्या घराण्यात रमतं.

(दृश्य : वेल्डिंगच्या ठिणग्या. पाइप वाकवण्याचं यंत्र.)

आता पिंजरा, म्हणजे रोल केज. चालकाच्या मागे उभी असते ती मुख्य कमान. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमांत या कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची सीमलेस, म्हणजे लांबीत जोड नसलेली, पोलादी नळी चालते. बाकीच्या नळ्या ३८ मिलिमीटरच्या.

नळी वाकवताना चपटी होता कामा नये. टोकाला मासळीच्या तोंडासारखी खाच कापायची, म्हणजे ती दुसऱ्या नळीवर फट न राहता बसते. आधी चार ठिकाणी वेल्डिंगचे छोटे टाके मारायचे, मोजायचं, आणि मगच पूर्ण शिवण. ही शिवण नळीभोवती सगळीकडून हवी. बंद गाडीत हे फार अवघड, कारण छत आणि नळी यांच्या बेचक्यात वेल्डिंगची टॉर्च शिरत नाही. पुष्कळजण फरशीला भोकं पाडून पिंजरा खाली उतरवतात, वरचे जोड पूर्ण करतात आणि पुन्हा वर उचलतात. उघड्या गाडीचं छतच निघालेलं, त्यामुळे वेल्डर चारही बाजूंनी फिरू शकतो. पाहा, हा जोड एका दमात झाला.

चालकाला हेल्मेटसकट सीटवर बसवून कमानीच्या माथ्यापासून विंडस्क्रीनच्या कडेपर्यंत सरळ काठी धरली आहे. हेल्मेट त्या काठीच्या खालीच राहायला हवं. राहत नव्हतं. म्हणून सीटचे रूळ काढून सीट थेट फरशीला बोल्ट केली.

इथून पुढे ही गाडी रस्त्यावरची राहिली नाही. हेल्मेटशिवाय डोकं या नळीवर आपटलं तर पिंजराच घात करील. ती आता ट्रेलरवरूनच फिरेल.

(दृश्य : स्टँडवरचं इंजिन. क्रँकची पुली उतरवली जाते.)

इंजिनाचे सिलिंडर मशीनशॉपमध्ये आतून कातून, म्हणजे बोअर करून, आणले आहेत. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, पुढचं नाक आखूड असतं. पुलीचा बोल्ट सैल राहिला तर पुली अडकवणाऱ्या चावीची खाच झिजते आणि क्रँकच बाद होतो. इथे खाच शाबूत आहे.

आता या इंजिनाची मुख्य गोष्ट, पाण्याची. हे इंजिन मजदाच्या पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांमधून आलं. तिथे ते आडवं बसायचं. पाणी एका टोकाने आत शिरायचं आणि चारही सिलिंडरांवरून जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं, तेव्हा मागचं तोंड फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला, भिडलं. म्हणून बाहेर पडायची वाटही पुढेच काढली. पाणी पुढून आत, पुढूनच बाहेर. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण ट्रॅकवर अर्धा तास इंजिन लाल रेषेपाशी, म्हणजे कमाल फेऱ्यांजवळ, राहिलं, की मागच्या सिलिंडरांच्या वाट्याला कमी पाणी येतं आणि ते जास्त तापतात. तापमानाचा काटा हे नीट सांगतही नाही, तो मधोमध निवांत उभा असतो.

त्यावर हा उपाय. पुढची वाट बंद केली, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, हेडच्या मागच्या टोकाला नेला आणि तिथून लांब होज रेडिएटरपर्यंत आणला. दिसायला एक होज, पण इंजिनाचं आयुष्य याच्यावर आहे. मागे हात जेमतेम शिरतो. हा एक बोल्ट लावायला किती वेळ गेला ते तुम्हीच पाहा.

संपमध्येही आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या आहेत. लांब वळणात तेल एका बाजूला धाव घेतं, पंपाचं तोंड उघडं पडलं तर ते हवा ओढतं, आणि बेअरिंग खराब व्हायला तेवढा क्षण पुरतो.

टर्बोचा संच खोक्यात, फळीवर आहे. तो तिथेच राहील. जास्तीची ताकद म्हणजे जास्तीची उष्णता, आणि उरलेली सगळी गाडी ती झेलायला तयार झाल्याशिवाय खोकं उघडायचं नाही.

(दृश्य : ब्रेक. जुनी आणि नवी डिस्क शेजारी शेजारी.)

लहान डिस्क १.६ ची, २३५ मिलिमीटर. मोठी १.८ ची, २५५. तिच्या कॅलिपरसकट ती सरळ बोल्ट होते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता या लोखंडात जिरते. तिथून ती ब्रेक ऑइलमध्ये पोचते. डॉट-४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि ओलावा धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, आणि पाय थेट फरशीपर्यंत जातो. म्हणून प्रत्येक ट्रॅक-दिवसाआधी ऑइल नवं. यात कंजूषी करणाऱ्याने ट्रॅकवर येऊच नये.

(दृश्य : गाडीभोवती ताणलेला दोरा. मग चार चाकांखाली चार वजनकाटे.)

चाकांची दिशा इथे दोऱ्याने मोजतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणायचे आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून अंतर घ्यायचं. या गाडीला चारही चाकांवर डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन भुजांचं, सस्पेन्शन आहे आणि खालच्या बोल्टांवर कारखान्यातूनच कॅम, म्हणजे मध्य सरकलेल्या चकत्या, दिलेले आहेत. ते फिरवले की चाकाचा माथा आत कलतो. पुढे साधारण तीन अंश कल घेतला आहे.

काट्यांवर मात्र चालक आत बसलेला हवा, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणूस हा फार मोठा भाग आहे. स्प्रिंगखालची कडी थोडी फिरवायची, गाडी हलवायची, पुन्हा आकडे वाचायचे. कर्णावरच्या जोड्या, म्हणजे डावं पुढचं अधिक उजवं मागचं, आणि त्याउलट, समान यायला हव्यात. नाहीतर गाडी एकीकडे छान वळते आणि दुसरीकडे हट्ट करते.

(दृश्य : ट्रॅक. पहिली फेरी. निवेदन नाही, फक्त इंजिन.)

(दृश्य : पिटमध्ये. टायरमध्ये सुईचा तापमापक.)

गाडी आत येताच, टायर गार व्हायच्या आधी, प्रत्येक टायरचं तापमान तीन जागी घेतलं जातं : आतली कड, मध्य, बाहेरची कड. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड बरीच जास्त तापली आहे, म्हणजे कल जास्त झाला. मधला आकडा दोन्ही कडांच्या मधोमध पडतो, तेव्हा हवा बरोबर आहे.

पाण्याचा आकडा स्थिर. तेलाचा दाब लांब उजव्या वळणातही पडला नाही. ब्रेकचं पेडल पहिल्या फेरीत होतं तेवढंच कडक.

पुढचे कॅम बोल्ट सैल केले आहेत. अर्धा अंश कमी करून गाडी पुन्हा बाहेर जाईल.