दुबईत जन्मलेलं बाळ गावी येतं तेव्हा

(खेड तालुक्यात, परदेशातून परतलेल्या कुटुंबांसमोर एका निवृत्त आरोग्य सेविकेने केलेलं भाषण, संपादित स्वरूपात.)

मंडळी, तुमच्यापैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे, किंवा नुकतंच कायमचं परत आलंय. तुम्ही कागदपत्रांचं ऐकायला आलात, ते सांगतेच. पण आधी लसीचं.

दुबईत गोवराची पहिली लस बाळ वर्षाचं झालं की देतात. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाले की द्यायचा असतो. म्हणजे दहा महिन्यांचं बाळ गणपतीला गावी आलं, तर तिकडच्या कार्डावर काही राहिलेलं दिसत नाही आणि इथल्या हिशोबाने एक डोस बाकी असतो. आई कार्ड पुढे करते, "सिस्टर, सगळं झालंय, बघा." ती खोटं बोलत नसते. पण बाळ आता इथल्या गर्दीत, इथल्या मुलांत खेळणार आहे. ही लस उपकेंद्रात फुकट मिळते. आधार नाही, रेशनकार्ड नाही, म्हणून घरी थांबू नका. तिकडचं कार्ड घेऊन या, तारखा इथल्या कार्डावर उतरवून घेता येतात. अमेरिकेहून आलेल्यांनी बीसीजीचंही, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचंही विचारावं. तिकडे ती सरसकट देत नाहीत आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात ती वर्षाच्या आतच मिळते.

आता दवाखान्याच्या खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती. २०२३ च्या निर्णयाने ती कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्या कार्डांची कुटुंबं त्यात आली. पण ही योजना दाखल झाल्यावरची आहे. सर्दीतापाच्या औषधांचे पैसे त्यात मिळत नाहीत. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी लागली आणि पगार महिना एकवीस हजारांच्या आत असेल, तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, दाखल न होता घेतलेले उपचारही मिळतात. मात्र कुटुंबाच्या तपशिलात बाळाचं नाव चढवून घ्या.

नाव चढवणं, इथेच गाडी अडते. माझ्या शेजारचं बाळ न्यूमोनियाने दाखल झालं. दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड मागितलं. कार्डावर आजी, आजोबा, आई, बाप. बाळ नाही. बाप तहसीलला धावला, तर पासपोर्टवर 'पाटील' आणि जन्मदाखल्याच्या भाषांतरावर 'बाटील'. अरबीत प हे अक्षरच नाही, त्यामुळे कुणीतरी अरबीवरून नाव उतरवताना तसं झालं असणार. तो बाप कॅज्युअल्टीच्या बाकावर दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसला होता, बोट एकदा या नावावर, एकदा त्या नावावर. बाळ बरं झालं, पण ते चार दिवस त्या घराने कसे काढले ते मी पाहिलंय. म्हणून विमानात बसण्याआधी तीन कागद शेजारी ठेवा: तिथला दाखला, त्याचं भाषांतर, बाळाचा पासपोर्ट. एकेक अक्षर जुळवा. दुरुस्ती तिथे असतानाच होते, इथून करायला जीव जातो.

नागरिकत्वाचंही नीट समजून घ्या. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची असते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. आखातातल्या बहुतेकांची ही नोंद पासपोर्ट काढतानाच होते. नोंद राहूनच गेली असेल आणि तुम्ही कायमचे राहायला आला असाल, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम २० लक्षात ठेवा. बाळ भारतात आल्यापासून साठ दिवसांत त्याचा जन्म इथे नोंदवता येतो. "जन्म इथला नाही," असं ग्रामपंचायतीत कुणी म्हणालं तर कलमाचा आकडा कागदावर लिहून द्या. साठ दिवसांनंतर उशिराच्या नोंदीचे नियम लागतात.

भारतीय पासपोर्ट असलेल्या बाळाचं आधार लगेच काढता येतं. पाच वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, असलेलं मूल मात्र परदेशी नागरिकच धरलं जातं. आधारसाठी त्याला आधी इथे १८२ दिवस राहावं लागतं. अशा घरांनी मधल्या काळासाठी खासगी विमा उतरवूनच यावं, हे मी हात जोडून सांगते.

आधार झालं की त्याच आठवड्यात रेशनकार्डात नाव घालायचा अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ज्यांनी आज तिकडची लसीकरण कार्डं आणलीत, त्यांनी थांबा. आशाताई मागच्या बाकावर बसल्यात, आपण एकेक कार्ड बघूया.