शेवटचं पेर

आधी सगळ्यांनी उजवा हात पुढे करा. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा. आता अंगठा तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ठेवा. आजी जप करताना ज्यांवर मोजायची तीच ही पेरं. हे टोकाचं पेर नखासकट, सांध्यातून छाटून टाकलंय असं समजा. एका बोटाचं नाही, दहाही बोटांचं. अमेरिकेत मांजराचं ‘डीक्लॉइंग’ म्हणतात ते ऑपरेशन म्हणजे हे.

सुरुवात अशी करण्याला कारण आहे. गेल्या महिन्यात एक काकू माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात आल्या. त्यांची स्वतःची मांजर नव्हती, मुलीची होती आणि मुलगी अमेरिकेत. ‘‘नवा सोफा घेतलाय हो तिनं. तिकडे मांजराची नखं कायमची काढून देतात म्हणे. करू दे ना?’’ मी म्हटलं, नखं नाही काढत, पेरं काढतात. काकू गप्प झाल्या. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी असंच विचारलं असतं, कारण ‘नखं काढणं’ या शब्दांतच सगळी फसवणूक आहे.

आपलं नख मांसावर बसलेलं असतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नुसतं नख उपटलं तर ते पुन्हा येणार, म्हणून हाडच काढायचं. पुढच्या एकेका पंजाला पाच बोटं, मागच्याला चार, एकूण अठरा. बहुतेक वेळा पुढची दहा काढतात. मांजर तळव्यावर चालत नाही, बोटांवर चालतं. ज्यावर ते उभं राहतं त्याचंच टोक आपण काढून घेतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पदवी घेऊन मी अमेरिकेला गेले आणि तिथला परवाना मिळेपर्यंत दोन वर्षं मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावी, एका दवाखान्यात मदतनीस होते. तिथे पिल्लाची नसबंदी आणि डीक्लॉइंग एकाच भुलीत, एकाच दरात व्हायचं. आपल्याकडे लग्नाच्या हॉलबरोबर मांडव येतो ना, तसं. हत्यार असायचं नखं कापायचंच, जरा मोठं. पातं सांध्यात बसवायचं आणि दाबायचं. मांजर भुलीत असतं, त्याला काही कळत नाही. आवाज मात्र आपल्याला ऐकू येतो. दहा वेळा.

माझं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचं. आल्या आल्या वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या फाडायच्या. शीच्या ट्रेमध्ये नेहमीची खडेवाली माती घातली तर कण जखमेत जातात, म्हणून दहा-बारा दिवस कागद. मग पंजांच्या पट्ट्या सोडायच्या. एक राखाडी मांजरी अजून आठवते, आठ महिन्यांची असेल. पट्टी सुटल्यावर ती उभी राहिली, एक पाय उचलला, टेकवला, लगेच दुसरा उचलला. तापल्या तव्यावर उभं केल्यासारखी. मग ट्रेच्या कडेला बसून राहिली, आत जाईना. मी तिला उचलून कागदावर ठेवलं आणि पुढचा पिंजरा उघडला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

त्या ट्रेचं पुढे काय होतं ते बघा. उकरताना पाय दुखतात, म्हणजे हा ट्रेच दुखवतो, असा हिशेब काही मांजरं मनाशी बांधतात आणि गादीवर, धुवायच्या कपड्यांवर जायला लागतात. नख हे मांजराचं पहिलं शस्त्र. ते नसलं की पाळी थेट दातांवर येते. २०१८ साली २७४ मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या निम्म्या मांजरांची नखं काढलेली. नखं काढलेल्या या मांजरांत पाठदुखी, चावणं आणि भलत्या जागी घाण करणं जास्त आढळलं, आणि एक्स-रे काढले तेव्हा त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांच्या पंजांत हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. सोफा वाचवायला ऑपरेशन केलं आणि गादी गेली, असा हा व्यवहार.

ऑपरेशनचा एक ‘सौम्य’ प्रकारही आहे. हाड ठेवायचं, पण नख बाहेर काढणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापायची. अशी नखं झिजत नाहीत, जाड होत जातात आणि पंजाच्या तळव्यात रुतू शकतात, म्हणून मालकाला ती कापत बसावं लागतं. नखं कापायचा कंटाळा म्हणून ऑपरेशन, आणि ऑपरेशन झालं म्हणून जन्मभर नखं कापायची!

कायद्याचं थोडक्यात. युरोपात पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७च्या करारातच याला मनाई आहे. इस्रायलनं २०११ साली बंदी घातली. अमेरिकेत पहिलं शहर वेस्ट हॉलिवुड, २००३. पहिलं राज्य न्यूयॉर्क, २०१९. नंतर मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स. बाकी बऱ्याच राज्यांत आजही चालतं. तिकडे काही घरमालक भाडेकरूला ‘मांजर ठेवा, पण नखं काढून’ अशी अट घालायचे. कॅलिफोर्नियाला ती अट रोखायला २०१२ साली वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे या ऑपरेशनची प्रथा नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याचं अंग छाटणं हा गुन्हा आहे; मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज फार तर दोन-तीन वडापाव येतात.

आता सोफ्याकडे येऊ. मांजर नखं परजतं ते तुमच्यावर सूड म्हणून नाही. नखाचं बाहेरचं टरफल सुटून निघावं लागतं. झाडताना चंद्रकोरीसारखं पोकळ सालपट सापडतं ना, ते हेच. बोटांच्या मधे गंधग्रंथी असतात, त्यांचा वास तिथे लागतो, आपल्याला येत नाही एवढंच. आणि झोपेतून उठल्यावर पाठ ताणायला काहीतरी घट्ट धरावं लागतं.

माझ्या आजोळी, कोकणात, मांजराच्या नखांबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. माजघरात लाकडी खांब होता, कोठीत भाताची पोती, परसात फणस. खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर पिढ्यान् पिढ्यांच्या मांजरांनी खाचा पाडलेल्या, आम्ही मुलं त्यात बोटं घालायचो. फ्लॅटमध्ये खांब सिमेंटचा, फरशी गुळगुळीत, दारं लॅमिनेटची. उंच, जड, न हलणारी आणि खरखरीत अशी वस्तू घरात एकच उरली, सोफ्याचा हात. मांजराची निवड अगदी बिनचूक असते.

ठाण्यातलं एक कुटुंब ‘गुंड्या’ नावाचा बोका घेऊन आलं. ‘‘डॉक्टर, खास खांब आणला, याला त्याची किंमत नाही.’’ मी फोटो मागवला. दीड फुटाचा खांब, वर लोंबणारा चेंडू, आणि ठेवलेला कुठे? गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे! पाच किलोचा बोका मागच्या पायांवर उभा राहिला की तो खांब त्याच्या छातीशी येणार आणि ओढला की अंगावर पडणार. त्यांना म्हटलं, सुताराकडून तीन फुटांचा वासा आणा, जड फळीवर ठोका, काथ्याची दोरी फटी न ठेवता गुंडाळा आणि सोफ्याच्या त्याच हाताला चिकटून उभा करा. दिवाणखान्यात बरं दिसणार नाही, हो. सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, पंजाला चिकट लागलेलं मांजराला आवडत नाही. गुंड्यानं खांबाला हात लावला की लगेच खाऊ. तीन आठवड्यांत सोफा सुटला. मग खांब रोज वीतभर सरकवत कोपऱ्यात नेला.

काही मांजरं उभं नाही, आडवं ओरखडतात, गालिचा काढतात. त्यांना काथ्याचं पायपुसणं द्या. आधी चार दिवस आपलं मांजर काय करतं ते नुसतं बघा, आणि खांब किंवा पायपुसणं त्याच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा. ओरडणं, पाणी उडवणं नको. त्यातून ते एवढंच शिकतं की तुम्ही घरात असताना करायचं नाही. नखांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, चार-सहा आठवडे टिकतात. मला त्या फारशा आवडत नाहीत, पण ऑपरेशनपेक्षा शंभर पटीनं बऱ्या.

या ताईंचा प्रश्न आहे, घरात आजी आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, नख लागलं तर? बरोबर आहे काळजी. अमेरिकेतले आरोग्यतज्ज्ञ, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी असते अशा एचआयव्हीच्या रुग्णांनासुद्धा मांजराची नखं काढायला सांगत नाहीत. नखं छोटी ठेवा, पिसवांचा बंदोबस्त करा, कारण बोचकारण्यातून होणारा ताप मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो. हातानं खेळवू नका, दोरीनं खेळवा. आणि आपल्या देशात रेबीज आहे, तेव्हा मांजराची लस चुकवू नका. ओरखडा उठलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका.

नखं कापायची कशी, हे शेवटचं. मांजर पेंगत असताना पंजा हातात घ्या आणि पेरावर वरून-खालून हलकं दाबा, नख आपोआप बाहेर येतं. उजेडात धरलं की आत गुलाबी रेघ दिसेल. ती जिव्हाळी, नखाचा जिवंत भाग. तिच्या बऱ्याच अलीकडे, नुसता पारदर्शक आकडा कापायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. सगळी एकाच बैठकीत झाली पाहिजेत असा हट्ट नको. माझी मांजरी रात्रीच्या बातम्या चालू असताना मांडीवर असते. चार नखं होऊ देते, पाचव्याला पाय ओढून घेते आणि उठून जाते. उरलेली दुसऱ्या दिवशी.