वावरातला सरवा

सलाम. मघाशी येताना पाहिलं, सोयाबीन निघालेल्या वावरात दोन बाया वाकून शेंगा वेचत होत्या. सरवा. हाच शब्द आपल्या बायबलमध्ये रूथच्या पुस्तकात आहे. रूथ विधवा, परक्या मुलखातली, मवाबी. घरी म्हातारी सासू. बवाजच्या शेतात ती सरवा वेचायला गेली, तेव्हा बवाजनं गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतली कणसं मुद्दाम उपसून टाका, अन् तिला काही बोलू नका.

वेचू देणं हा काही त्याचा मोठेपणा नव्हे, बरं का. बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19 व्या अध्यायात नियमच आहे. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, पडलेलं उचलायचं नाही. ते गरिबाचं अन् परक्याचं. रूथ भीक मागायला आली नव्हती. ती तिच्या वाट्याचं न्यायला आली होती.

आता आपलं बघा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मानं नाही: इफिसकरांस पत्राचं 2:8 अन् 9 इथं लेकरांनाही पाठ असेल. दहावं वचन म्हणायला सांगितलं की सगळे चूप. तिथं लिहिलंय की आपल्याला घडवलंय ते सत्कृत्यांसाठी. याकोब तर आपल्या पत्रात सरळ विचारतो, उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसतं ‘सुखानं जा, पोटभर खा’ म्हटलं तर काय उपयोग? जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र मानवलं नाही. 1522 मध्ये त्यानं त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. पेंढा म्हणजे आपल्याकडचं कुटारच म्हणा. पण ल्यूथरला कुटाराची किंमत काय ठाऊक? उन्हाळ्यात बैल त्याच्यावरच जगतो, हे वऱ्हाडातल्या कुणालाही विचारा.

मी स्वतः चुकलो आहे. एका पावसाळ्यात आम्ही किराणा वाटला. एका विधवा बहिणीला उभं करून फोटो घेतला अन् पिशवी देतादेता रविवारच्या सभेची वेळ सांगितली. तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, ‘दादा, याच्यासाठी काय?’ मला तेव्हा राग आला होता. आता लाज वाटते.

आपण सुवार्तेची माणसं आहोत, ती सांगणार, उघडपणे सांगणार. पण ज्वारीच्या पायलीला बांधून नाही. लूक 17 मध्ये प्रभूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. प्रभूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठं आहेत? विचारलं, एवढंच. त्या नवांच्या अंगावर रोग परत घातला नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं मिशन हॉस्पिटल आहे, तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. घरच्यांनी बाहेर काढलेल्या माणसाची जखम धुताना कोणी त्याला धर्म विचारत बसत नाही. जखम धुवायची असते.

अन् देणं म्हणजे नेहमी पैसाच, असंही नाही. कर्जात बुडालेल्या शेजाऱ्याच्या ओट्यावर संध्याकाळी जाऊन बसा. उपदेश करू नका. चहा दिला तर प्या.

उद्या इथं दोघा-तिघांकडे कापणीला हार्वेस्टर येणार आहे, असं कळलं. धुऱ्याकडच्या दोन ओळी तशाच राहू द्या. अन् वेचायला बाया आल्या, तर गड्यानं हटकायच्या आधी तुम्ही तिथं असा.