हरीण पळत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी रस्त्याच्या कडेला चितळं चरताना दिसतात. आपण थांबतो, ती मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. ‘माणसाळलीत!’ म्हणून आपण पुढे सरकतो. पण हरीण जागेवर उभं राहतं त्याला कारणं वेगवेगळी असतात, आणि कॅमेरा काढण्याआधी समोर कुठलं कारण आहे ते ओळखावं लागतं.

माणसाची नुसती सवय झालेलं चितळ तोंड हलवत राहतं. बघायचं ते हेच. चघळणं थांबलं, दोन्ही कान तुमच्याकडे वळले, की तुम्ही एक पाऊल जास्त पुढे आलात. मग पुढचा पाय जमिनीवर आपटला जातो, शेपटी उभी राहते, खालचा पांढरा भाग दिसतो. इथपर्यंत ताणू नका. चघळणं थांबलं की तिथेच उभं राहा, नजर बाजूला वळवा. बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत तोंड पुन्हा हलू लागतं.

हरीण स्वतःहून तुमच्याकडे चालत आलं, तर त्याला कुणीतरी खायला घालून बिघडवलंय असं समजा. त्याच्या चार कप्प्यांच्या पोटात जिवाणू पालापाचोळा सावकाश आंबवतात. बिस्किटं, पाव, शिळा भात गेला की तो झटपट आंबतो, आम्ल वाढतं, पोट फुगतं, रवंथ बंद पडतो. वेफर्सच्या खारट पिशव्याही हरणं गिळतात. फोटोसाठी केळं पुढे करणारे त्याच्या भल्याचं काहीच करत नसतात, हे स्पष्ट बोललेलं बरं.

मोठा नर असेल तर शिंगं बघा. मखमली कातडं असेपर्यंत शिंग नाजूक असतं, नर ते जपतो. कातडं झडून शिंग कडक झालं आणि माजावर आला, की तो माणसाला घाबरत नाही याचा अर्थ पार बदलतो. मान खाली, शिंगं पुढे, तिरकी चाल दिसली तर मध्ये झाड येईल असे मागे सरका. पाठ फिरवून पळू नका.

आता कोकणातल्या रानातली खरी गफलत. पिसोरी, म्हणजे माऊस डीअर, खांद्याशी जेमतेम फूटभर उंच. शास्त्राच्या हिशेबाने ती खरं हरीणही नाही, तिला शिंगं नसतात. टॉर्चच्या झोतात ती दगडासारखी थिजते. ते धाडस नव्हे, भीतीच. गवतात दबून बसलेलं पाडसही तसंच. आई चरायला गेलेली असते, दिवसातून काही वेळा येऊन पाजते, आणि तुम्ही तिथे उभे असाल तर ती येत नाही. ‘अनाथ सापडलं’ म्हणून घरी आणलेली बरीच पाडसं अनाथ नसतातच. एक फोटोसुद्धा न काढता निघून या. जखम दिसली किंवा कुत्री मागे लागली असतील तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

भेकर मात्र असं जवळ येऊ देत नाही. त्याचं भुंकणं ऐकू येतं, अंग दिसत नाही. मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात, एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं तिथे, पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. गाणीजवळच्या आडोशात न हलता बसलं, वारा पाण्याकडून आपल्याकडे येत असला, तर संधी असते.

आता कॅमेरा. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ३०० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ मीटरवर चौकटीत साधारण दोन मीटर रुंदी मावते, म्हणजे अख्खं चितळ, थोडी जागा सोडून. त्याहून जवळ जायची गरजच नाही. चरणाऱ्या हरणाला शटर १/५०० सेकंद, पळणाऱ्याला १/१२५०. दाट झाडीत आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० न्यावा लागतो. फोटोत दाणे दिसले तरी चालतील, हललेला डोळा चालणार नाही. फोकस डोळ्यावरच. गर्द सावलीत कॅमेरा फोटो उजळवतो आणि चितळाचे पांढरे ठिपके जळतात, म्हणजे नुसते पांढरे डाग होतात, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दोन तृतीयांश स्टॉप खाली (−०.७) ठेवा. फ्लॅश बंद. मोबाइलवर बोटांनी झूम करू नका, मूळ फोटो काढून नंतर कापा.

हरणाच्या डोळ्याच्या उंचीवर यायला गुडघ्यावर बसावं लागतं. गवतात गोचिडी असतात, आणि दोडामार्ग-बांदा भागात माकडताप त्यांच्यामार्फतच पसरतो. पायमोज्यात पँट खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे तपासा.

एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. बॅगेची चेन लावून १५-२० मिनिटं तशीच राहू द्या, मग कॅमेरा काढा. ओल राहिली की आत बुरशी धरते, आणि ती साफ करायला लेन्स खोलावी लागते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येतात, फक्त तो तवा परत भाकरीला वापरू नका.