क्लोरीनची गळती: टनर बदलताना आणि त्यानंतर

मंडळी, बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी मिळतं, ते निर्जंतुक होतं क्लोरीनमुळं. हाच वायू 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं पाच हजारांहून जास्त सिलिंडर उघडून वाऱ्यावर सोडला. तो हवेच्या अडीचपट जड, त्यामुळं गोळ्यांपासून वाचवणारे खंदकच त्यानं भरले. पंपहाऊसमध्येही तो असाच जमिनीलगत, उताराकडं सरकतो. म्हणून क्लोरीनच्या खोलीचा एक्झॉस्ट फॅन खाली, फरशीजवळ असावा आणि त्याचं बटण दाराबाहेर. बटण आत असेल तर फॅन असून नसल्यासारखाच.

गळती बहुतेकदा टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, बदलताना जोडावर होते, आणि कारण साधं असतं: शिशाचा जुना वायसर पुन्हा वापरलेला असतो. एकदा दाबला गेलेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दर वेळी नवाच घाला. व्हॉल्व्ह एक पूर्ण फेरा उघडला की पुरे. पान्याला पाइप जोडून जोर लावू नका, हातोडा तर मारूच नका. मग काठीच्या टोकाच्या कापसाला अमोनिया लावून जोडाभोवती फिरवा. पांढरा धूर निघाला तिथं गळती. कापूस पितळेला टेकवू नका, अमोनिया पितळ खातो.

नऊशे किलोचा टनर आडवा ठेवतात, दोन्ही व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. हे नीट लक्षात घ्या, कारण एक लिटर द्रवाचा साधारण साडेचारशे लिटर वायू होतो. टनरला छिद्र पडून द्रव गळत असेल, तर प्रशिक्षित माणसांनी पूर्ण साधनांनिशी टनर असा फिरवायचा की छिद्र वर येईल. मग द्रवाऐवजी वायू निघतो आणि गळती कितीतरी कमी होते. गळतीवर पाणी मात्र कधीच मारू नका. क्लोरीन आणि ओल मिळून आम्ल होतं, ते लोखंड खातं आणि सुईएवढं छिद्र तासाभरात मोठं होतं. पाणी मारायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग क्लोरीन असला तरी ती जागा जीवघेणी समजतात. तिथं पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरशिवाय कुणीही आत जायचं नाही. तोंडाला ओला टॉवेल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. बाकीच्यांनी वारा आडवा कापत चढाकडं निघावं.

वायू लागलेल्या माणसाला चालवू नका. अर्धवट बसवा, कपडे काढा, डोळे पंधरा मिनिटं धुवा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरतं.

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या ग्रामपंचायतींत टनर नसतो, टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती असतात. धोका तिथंही आहे. संडास धुवायचं ॲसिड आणि टीसीएल एकत्र आलं की तोच वायू सुटतो, आणि तोही बंद मोरीत. एकाच कपाटात दोन्ही ठेवलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. आपापल्या गावी परत गेल्यावर आधी ॲसिडची बाटली दुसऱ्या खोलीत हलवा, आणि पोतं ओल लागणार नाही असं फळीवर ठेवा.