काळी एकचा तानपुरा आणि दीड हजाराचे इयरफोन

(दृश्य : लाकडी टेबल, त्यावर इयरफोनच्या चार जोड्या. पंख्याच्या वाऱ्यानं एका वायरीचं टोक हलतंय. पार्श्वभूमीला तानपुरा.)

या टेबलावर इयरफोनच्या चार जोड्या आहेत. चारही चिनी, चारही वायरवाल्या. एकेक जोडी दीड-दोन हजारांच्या आसपास पडते. मागे वाजतोय तो तानपुरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लावलेला आहे. व्हिडिओभर तो अधूनमधून वाजत राहील, कारण आजची परीक्षा त्याच्यावरच आहे.

इयरफोनची तुलना करणाऱ्या व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा इंग्रजी गाणी लावतात आणि बास किती दणकतो यावर निकाल देतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझे कान टाळ, तबला आणि हार्मोनियम यांत वाढलेत. इलेक्ट्रिक गिटार बिघडलं तर मला कळणार नाही. डग्गा बिघडला तर लगेच कळेल.

हौशी लोक या सगळ्या प्रकाराला 'चाय-फाय' म्हणतात. चायना आणि हाय-फाय यांची जोड. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चहाच्या टपरीवर फुकट वायफाय मिळतंय.

(दृश्य : एकेक जोडी हातात घेऊन जवळून.)

ही पहिली. कंपनी केझेड, गाव शेनझेन. मॉडेल झेडएसएन प्रो. या कंपनीच्या मॉडेलांची नावं वाचली की एसटी डेपोतला फलक वाचल्यासारखं वाटतं : झेडएसटी, झेडएसएन, झेडएसएक्स, झेडएस-10. त्या 10 चा अर्थ मात्र सरळ आहे. एका कानात 5 ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, दोन्ही मिळून 10. मध्यंतरी या आकड्यांची शर्यतच लागली होती, आणि एका कानात 8-8 ड्रायव्हर कोंबलेले इयरफोनही निघाले. हातातल्या या जोडीत प्रत्येक कानाला दोनच आहेत. एक 10 मिलिमीटरचा नेहमीचा, म्हणजे छोटा स्पीकरच. दुसरा बॅलन्स्ड आर्मेचर, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. ही जात मुळात कानाच्या मशीनसाठी, म्हणजे श्रवणयंत्रासाठी वाढवलेली. वरच्या पट्टीतला आवाज तो काढतो.

दुसरी, मूनड्रॉपची चू-2. ही कंपनी शेनझेनची नाही, सिचुआनमधल्या चेंगडूची. चिनी नावाचा शब्दशः अर्थ पाणी-चंद्र-पाऊस. आधीच्या चूची वायर आतच पक्की केलेली होती. वायर गेली की इयरफोन गेला. चू-2 मध्ये ती काढता येते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या आयुष्यात जेवढे इयरफोन मेले, ते सगळे पिनेजवळ वायर तुटून मेले. आवाज बिघडून एकही मेला नाही.

तिसरी, सेव्हन हर्ट्झची सॅलनोट्स झीरो. 2022 साली आली. दिसायला साधी, चौकोनी पाठीची. हिच्याबद्दल पुढे बोलू.

आणि चौथी ही, टँगझूची वान-अर. हिच्या नावापाशी मला थोडं थांबायचंय.

(दृश्य : खोक्यावरचं स्त्रीचं चित्र.)

टँगझू आपल्या इयरफोनांना थांग घराण्यातल्या माणसांची नावं देते. एकाचं नाव त्या घराण्याच्या पहिल्या सम्राटाचं, एकाचं दुसऱ्याचं, एकाचं सम्राज्ञी वू झेथ्यानचं. आणि सगळ्यात स्वस्त जोडीचं नाव शांगक्वान वान-अर या कवयित्रीचं. जन्म इसवी सन 664. तिच्या आजोबांना वू झेथ्यानमुळे मृत्युदंड झाला, आणि तीच नात पुढे त्याच सम्राज्ञीच्या दरबारात राजाज्ञा लिहायला बसली. 710 साली राजवाड्यातल्या उलथापालथीत तिलाही मारलं. 2013 मध्ये शीआन विमानतळाजवळ तिची कबर सापडली. दोन हजारांच्या आतल्या वस्तूच्या खोक्यावर एवढं आयुष्य.

(दृश्य : तानपुरा थांबतो. रस्त्याचा आवाज.)

हे सगळं आपल्यापर्यंत पोचायचं कसं? काही वर्षांपूर्वी केझेड मागवायचा म्हणजे अलीएक्सप्रेसवर पैसे भरायचे आणि पोस्टमनची वाट बघायची. महिनाभरानं पिवळ्या पाकिटात आला तर आला. नोव्हेंबर 2020 मध्ये भारत सरकारनं 43 ॲपवर बंदी घातली, त्यात अलीएक्सप्रेस होतं. मग इथलेच विक्रेते माल आणायला लागले. किंमत थोडी चढली, पण वाट बघणं संपलं.

स्वस्ताईचं कारण शेनझेन आणि डोंगग्वानच्या पट्ट्यात आहे. शेनझेनला 1980 साली विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. आज तिथे ड्रायव्हरचा पडदा, चुंबक, कवच, वायर, पिना, सगळं आसपासच्या कारखान्यांत तयार मिळतं. त्यामुळे नव्या कंपनीला सुटे भाग शून्यापासून घडवावे लागत नाहीत. तिनं ठरवायचं ते एकच, आवाज कसा असावा. आणि गंमत अशी, की तेही बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं आहे.

(दृश्य : पेनाचं टोपण. निवेदक त्यात फुंकर मारतो. शिट्टी.)

शाळेत सगळ्यांनी केलेला उद्योग. टोपण एका बाजूनं बंद, एका बाजूनं उघडं. त्याच्या लांबीवर शिट्टीचा सूर ठरतो. आपल्या कानाची नळीही अशीच, बाहेर उघडी, आत पडद्यानं बंद. लांबी साधारण अडीच सेंटीमीटर. त्यामुळे 3,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपला कान जन्मापासून फुगवून ऐकत आलाय. बाळाचं रडणं, आईची हाक, या सगळ्याची धार याच पट्ट्यात असते.

आता त्या नळीत इयरफोन घातला की टोपणाचं उघडं तोंड बंद झालं. शिट्टी गेली. म्हणजे इयरफोननं आवाज अगदी सपाट, प्रामाणिक दिला, तर आपल्याला गायिका घोंगडीआडून गातेय असं वाटेल. हरवलेला तो उंचवटा इयरफोननंच परत भरून द्यायला हवा. किती भरायचा, खालचा बास किती वाढवायचा, यावर अमेरिकेतल्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. माणसं बसवली, संगीत ऐकवलं, आवडेल तसा बास आणि ट्रेबल फिरवायला सांगितलं. त्यातून एक वक्ररेषा निघाली. ती छापून आली, आणि चेंगडूपासून शेनझेनपर्यंत सगळ्यांना नेमका कुठे बाण मारायचा ते कळलं.

बाण लागला का, ते मोजायला लागतो नकली कान. धातूची छोटी नळी, आत मायक्रोफोन. त्याचं प्रमाण 1981 सालचं, आयईसी 711. खरं यंत्र घ्यायला गेलात तर लाखाच्या पुढे. त्याच्या चिनी नकला निघाल्या काही हजारांत. आणि मग घरोघरी लोक कुठल्या पट्ट्यात आवाज किती, याचे आलेख काढायला लागले. स्वस्त इयरफोन सुधारण्यात या नकली कानाच्या नकलेचा वाटा मला फार मोठा वाटतो. पूर्वी कंपनी म्हणेल ते खरं होतं. आता पार्सल आल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेख लोकांसमोर येतो.

(दृश्य : मिरज. गल्ली. कोरलेले भोपळे उन्हात.)

आलेख बघून मी निकाल सांगू शकलो असतो. पण मी चारही जोड्या पिशवीत घालून मिरजेला गेलो, आत्याकडे. ती चाळीस वर्षं गाणं शिकवतेय. हल्ली तिचे निम्मे विद्यार्थी ऑनलाइन असतात, आणि ती फोनबरोबर आलेल्या जुन्या इयरफोनवर त्यांचे सूर तपासते. त्याची डावी बाजू दोन महिन्यांपूर्वी बंद पडली. तिला उजवी पुरते म्हणे.

तानपुरा लावायची कल्पना तिचीच. काळी एकला षड्ज 138 हर्ट्झच्या जवळ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69. कागदावर हा बास. पण तानपुऱ्याची खुबी घोडीवरच्या जवारीत असते. त्या पसरट घोडीवर तार घासत, टेकत थरथरते आणि सूर वरच्या स्वरांशांनी, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांनी भरून जातो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली तिथे जे स्वरांश नियमानं उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात ठणठणीत ऐकू येतात. म्हणजे एकच वाद्य तळापासून वरपर्यंतची सगळी जमीन तपासून देतं. आणि त्यात ताल नाही, शब्द नाहीत, मन रमवायला काही नाही.

एक काळजी घेतली. चारही जोड्यांचा आवाज मोजून सारखा केला. फोनवर एकाच पातळीला केझेड मोठा वाजतो, चू-2 सगळ्यात लहान. जरासा मोठा आवाजही आपल्याला 'जास्त स्वच्छ' वाटतो, आणि मग तुलना तिथेच संपते. दुकानात एकामागून एक ऐकून घेतलेल्या वस्तूत आपण बहुधा मोठा आवाज विकत घेतलेला असतो.

(दृश्य : आत्या, डोळे मिटलेले. तानपुरा परत सुरू.)

पहिला केझेड. आत्या दहा सेकंद गप्प. मग म्हणाली, "अरे, याची जवारी कुणी उघडली एवढी? दोरा सरकवा जरा." दोरा म्हणजे तारेखालचा, जवारी जुळवायचा. तानपुरा तोच होता. वरचा पट्टा उचललेला असल्यामुळे तारेची कुरकुर पुढे आली. मग तबला लावला. डग्ग्याचा घुमारा तिला आवडला. "पण चाटीवरचं बोट आणि डग्गा दोन वेगळ्या खोल्यांत वाजतायत," हे लगेच वर. चाट म्हणजे तबल्याची कड. व्ही आकाराचा आवाज म्हणजे काय, हे मी आजवर वाचलेल्या कुठल्याही वर्णनापेक्षा मला त्या वाक्यात जास्त कळलं. खालचं वर, वरचं वर, आणि मधे गाणारी बाई मागे ढकललेली.

चू-2 ला ती "नीट आहे" म्हणाली आणि पुढे गेली. मीही जातो.

झीरो. इथे तिनं मान डोलावली. "हिचा आवाज समोर आला. जोडाच्या दोन तारा वेगळ्या कळतात." जोडाच्या तारा म्हणजे मधल्या दोन, एकाच षड्जाला लावलेल्या. त्या वेगळ्या कळाल्या म्हणजे मधला पट्टा स्वच्छ आहे. डग्गा मात्र थोडा कोरडा लागला. बास आवडणाऱ्या माणसाला हा इयरफोन उपाशी ठेवेल.

वान-अर घातला. "हा जुन्या रेडिओसारखा," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. गोल, जरा जाडसर आवाज, झांजेची धार बोथट. तासभर ऐकलं तरी त्रास होणार नाही असा.

मग मी एक लबाडी केली. पाचवा म्हणून पुन्हा झीरोच दिला.

"हा नको," आत्या म्हणाली. "पातळ आहे. बाई नाकात गाते."

मी चक्रावलो. पाच मिनिटांपूर्वी जिच्यावर मान डोलली, तीच जोडी. मला वाटलं, संपली परीक्षा, चाळीस वर्षांचा कानही फसतो. पण तिच्या कानाकडे नीट पाहिलं तर डाव्या बाजूचं रबर बसलंच नव्हतं. घाईत मी लहान मापाचं लावलं होतं. फट राहिली की बास बाहेर निघून जातो, आणि उरतो तो पातळ, नाकातला आवाज. कान बरोबर होता. इयरफोनच वेगळा झाला होता, चिमूटभर रबरामुळे.

रबर बदललं. "हां, हा तो मघाचा," ती म्हणाली.

(दृश्य : टेबलावर लहान, मधलं, मोठं रबर रांगेत.)

त्या दुपारी आम्ही मग इयरफोन सोडून रबरच बदलत बसलो. मोठं, मधलं, लहान. वान-अरला झीरोचं, झीरोला चूचं. दोन कंपन्यांत जेवढा फरक ऐकू येत होता, त्याहून जास्त एकाच जोडीच्या दोन रबरांत येत होता. इयरफोन किती आत जातो यावर 8,000 हर्ट्झच्या आसपासचं एक टोक सरकतं. नकली कानात ते एका जागी, तुमच्या कानात दुसऱ्या. म्हणून झांज एकाला टोचते आणि दुसऱ्याला नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. आलेख तिथवर पोचत नाही.

मला झीरो आवडतो. अजूनही. आत्यानं वान-अर ठेवून घेतला. मी विचारलं, झीरोत तर जोड वेगळा कळत होता ना? "मला जोड माझ्या तानपुऱ्यात कळतो रे," ती म्हणाली, "पोरांचे सूर ऐकायचेत चार तास."

पैसे देऊ लागली, मी घेतले नाहीत. किंमत ऐकून म्हणाली, तानपुऱ्याच्या तारांचा संच आणि थोडं वर. मग खोक्यावरचं चित्र बघत विचारलं, ही बाई कोण? मी शांगक्वान वान-अरची गोष्ट सांगितली, आजोबा, सम्राज्ञी, सगळी. ती ऐकताना ती वायर कानामागून घ्यायला शिकत होती. दोनदा उलटी घातली.

(दृश्य : संध्याकाळ. खिडकीत आत्या, समोर फोन. डाव्या कानाला मोठं रबर, उजव्याला मधलं. फोनमधून कुणा मुलीचा अस्पष्ट आरोह.)

"निषाद उतरलाय," आत्या फोनला सांगतेय. "परत घे."