मेळघाटचा रानपिंगळा

हिवाळा सरत आलाय. सिपना नदीच्या खोऱ्यातला साग पानं गाळू लागलाय, खालची जमीन उघडी पडतेय. ऊन चांगलं वर आलंय. अशा वेळी घुबड कोण शोधायला जाणार? पण त्या वठलेल्या फांदीच्या टोकाकडे बघा. उन्हात निवांत बसलेला तो रानपिंगळा.

लांबी जेमतेम 23 सेंटिमीटर. गावातल्या पिंगळ्याएवढाच, म्हणून पटकन फसगत होते. ओळख पटवायची ती डोक्यावरून. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके भरपूर. याचं डोकं जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी. छाती तपकिरी, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. आणि पाय पाहा, अंगाच्या मानाने केवढे दणकट! पांढऱ्या पिसांनी दाट झाकलेले, नखंही चांगली मोठी.

आता त्याचं लक्ष खाली पाचोळ्यावर आहे. शेपटी झटक्याने डावीकडे, उजवीकडे. सापसुरळी सळसळली, की तो सरळ खाली झेपावतो. सरडे, उंदीर, टोळ, सगळं चालतं. शिकार दिवसाढवळ्या, त्यामुळे जंगल विरळ आणि जमीन मोकळी असली की त्याचं फावतं.

हा पक्षी कधीकाळी हरवला होता. 1873 साली पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. शेवटचा खरा नमुना, म्हणजे मारून जपून ठेवलेला पक्षी, 1884 चा. नंतर माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि तो आपल्याला 1914 साली गुजरातेत मिळाल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्या चिठ्ठीवर विसंबून अभ्यासक भलतीकडेच शोधत राहिले. एका माणसाच्या लबाडीने केवढं नुकसान केलं! शेवटी नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला, तोही सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, भर सकाळी. पुढच्या काही वर्षांत मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचं कळलं.

वीण थंडीत सुरू होते. मादी बहुधा दोन अंडी घालते, नर तिला खाणं आणून देतो. घर मात्र त्याला स्वतः कोरता येत नाही. फांदी मोडून पडलेली पोकळी किंवा सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली, यावरच त्याचा संसार. म्हणजे झाड जुनं हवं, थोडं पोकळ हवं. जंगलात जळतणाला आधी जातं ते नेमकं तसलंच झाड. पिल्लं मोठी होण्याच्या सुमाराला मोहाचा हंगाम येतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि वारा सुटला की आग पसरते. मोहावर घर चालणाऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा? पण पाचोळा झाडून एका बाजूला लावला तरी फुलं वेचता येतात, हेही तितकंच खरं.

2018 साली धोक्यातल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. रानपिंगळे वाढल्याचा हा पुरावा नाही. शोध वाढला, तसा तो नव्या ठिकाणी दिसू लागला, इतकंच. 2014 साली तर पार मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलात सापडला. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. जगातल्या त्या मोजक्या पिंगळ्यांपैकी काही आपल्या धारणी-चिखलदऱ्याच्या सागवनात राहतात.